कुलूप एक, किल्ल्या साडेचारशे

पासवर्ड चौदा अक्षरांचा, त्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, फोनला बोटाचा ठसा. आणि फ्रेंड लिस्टमध्ये साडेचारशे माणसं, ज्यांतली शंभरेक रस्त्यात समोर आली तर ओळखूही येणार नाहीत. सोशल मीडियावर खासगी गोष्टी फुटतात त्या बहुतेक वेळा किल्ली असलेल्याच कुणाच्या तरी हातून. टॅग करणारा हौशी मित्र, सगळे कॉन्टॅक्ट अपलोड करणारी मैत्रीण, स्क्रीनशॉट पुढे ढकलणारा जुना सहकारी. यांतल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो, आणि म्हणूनच त्यांच्यावर संशय घेऊन काही साधत नाही. यादी आणि तिच्यातल्या माणसांच्या परवानग्या मात्र नीट लावता येतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये उघडकीला आलेलं केंब्रिज अॅनालिटिका प्रकरण. या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती एका अॅपमधून पोचली होती. व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते अॅप प्रत्यक्ष उघडलं होतं साधारण तीन लाख लोकांनी. माहिती गेलेल्या लोकांचा फेसबुकने पुढे दिलेला आकडा होता ८ कोटी ७० लाखांपर्यंत. मधला फरक मित्रांचा. त्या काळी अॅपला परवानगी देणारा स्वतःबरोबर आपल्या मित्रांचीही माहिती देऊन बसायचा आणि मित्रांना त्याचा पत्ता नसायचा. ती वाट नंतर बंद झाली, पण कॉन्टॅक्ट, टॅग आणि ग्रुप या वाटा उघड्याच आहेत.

यादी

फेसबुकवर मित्रांची कमाल मर्यादा ५,०००. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने माणसाला खऱ्या अर्थाने सांभाळता येणाऱ्या नात्यांचा अंदाज दिला तो साधारण १५०. या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण तो दुप्पट धरला तरी तुमची यादी त्यापेक्षा मोठी निघण्याची शक्यता जास्त.

छाटणी एका बैठकीत करायला जाऊ नका. दोनशे नावं झाल्यावर हात यंत्रासारखा चालू लागतो आणि नको ती माणसं उडतात. त्यापेक्षा वाढदिवसांचा उपयोग करा. रोज फेसबुक सांगतंच, आज कुणाकुणाचा वाढदिवस आहे. नाव वाचून शुभेच्छा द्याव्याशा वाटल्या तर द्या, ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला तर तिथल्या तिथे निर्णय घ्या. वर्षभरात बहुतेक यादी नजरेखालून जाते आणि रोज मिनिटभरही लागत नाही. ज्यांनी वाढदिवस लपवलाय ते यातून सुटतात, पण निदान त्यांना आपली माहिती जपायची सवय तरी आहे.

नवीन रिक्वेस्टला लगेच हो किंवा नाही म्हणायची सक्ती नाही. रिक्वेस्ट पडून राहिली तर समोरच्याला ‘नाकारलं’ असा निरोप जात नाही. ‘डिलीट’ केलं तरी जात नाही. ‘पंचवीस म्युच्युअल फ्रेंड्स आहेत’ यावरून मात्र ओळख धरू नका. त्या पंचविसांनीही एकमेकांकडे बघूनच हो म्हटलेलं असू शकतं.

यादी छाटली की ती झाका. फ्रेंड्सच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये ‘तुमची फ्रेंड लिस्ट कोण पाहू शकतं’ असा पर्याय आहे, तो ‘ओन्ली मी’ करा. कारण साधं आहे. तुमच्या नावाचं आणि फोटोचं बनावट खातं काढणाऱ्याला पुढे रिक्वेस्ट पाठवायला तुमचेच मित्र हवे असतात. यादी उघडी असेल तर त्याचं काम दहा मिनिटांचं. झाकलेली असेल तर त्याला लाइक आणि कमेंटमधून एकेक नाव वेचावं लागतं, आणि बहुतेक भामटे तेवढे कष्ट न घेता पुढच्या सावजाकडे वळतात. यादी झाकल्यावरही म्युच्युअल मित्र दिसतातच, आणि तुमच्या मित्राची यादी उघडी असेल तर तिच्यात तुमचं नाव असतंच. त्यामुळे हे दहा जवळच्या मित्रांनी मिळून केलं तर जास्त उपयोगी.

दार किती उघडं ठेवायचं

बहुतेकांना दोनच पर्याय माहीत असतात: सहन करा किंवा ब्लॉक करा. मधल्या चार-पाच पायऱ्या वापरल्या तर निम्मे रुसवेफुगवे टळतात.

सर्वांत सौम्य म्हणजे फेसबुकवरचं ‘स्नूझ’. ३० दिवस त्या माणसाच्या पोस्ट दिसत नाहीत, मग आपोआप पुन्हा दिसू लागतात. निवडणुकीच्या हंगामात किंवा कुणी नुकताच नवा धंदा सुरू केला असेल तेव्हा हे फार कामाचं. ‘अनफॉलो’ म्हणजे तेच, पण बेमुदत. मैत्री यादीत कायम राहते. इन्स्टाग्रामवर याला ‘म्यूट’ म्हणतात, आणि पोस्ट व स्टोरी वेगवेगळ्या म्यूट करता येतात. यांतलं काहीही समोरच्याला कळवलं जात नाही. पण लक्षात घ्या, हे सगळे पर्याय तुमचे डोळे झाकतात, त्याचे नाहीत. तुम्ही टाकलेलं त्याला पूर्वीसारखंच दिसत राहतं.

त्याचे डोळे झाकायचे असतील तर पुढची पायरी, आणि इथे हमखास घोटाळा होतो, कारण एकाच शब्दाचे दोन अॅपमध्ये दोन अर्थ आहेत. फेसबुकच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत कुणाला टाकलं की तो मित्र राहतो, पण त्याला तुमच्या फक्त पब्लिक पोस्ट आणि ज्यात त्याला टॅग केलंय त्या पोस्ट दिसतात. ‘फ्रेंड्स’साठी टाकलेलं काही दिसत नाही. बॉस, लांबचे नातेवाईक, सोसायटीतले खबरे यांच्यासाठी ही यादी जणू घडवलीच आहे. इन्स्टाग्रामवरचं ‘रिस्ट्रिक्ट’ याच्या जवळजवळ उलट. तिथे त्या माणसाला तुमच्या पोस्ट आणि स्टोरी पूर्वीसारख्याच दिसतात. त्याची कमेंट मात्र तुम्ही मंजूर करेपर्यंत त्याला आणि तुम्हालाच दिसते, त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात, आणि तुम्ही ऑनलाइन आहात का, मेसेज वाचला का, हे त्याला कळत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामचं रिस्ट्रिक्ट हे टोमणे मारणाऱ्यासाठी आहे, चोरून बघणाऱ्यासाठी नाही. ‘मी रिस्ट्रिक्ट केलंय, आता त्याला स्टोरी दिसत नाही’ या भ्रमात लोक महिनोन्महिने राहतात. तिथे चोरून बघणाऱ्यासाठी ‘हाइड स्टोरी’ किंवा ‘रिमूव्ह फॉलोअर’ हवं. रिमूव्ह केल्याचा निरोप जात नाही, पण खातं पब्लिक असेल तर तो पुन्हा फॉलो करू शकतो. तेव्हा आधी खातं प्रायव्हेट करा, मग काढा. नुसतं प्रायव्हेट करून भागत नाही, कारण जुने फॉलोअर जागच्या जागी राहतात.

‘क्लोज फ्रेंड्स’ची हिरवी कडा आतल्यांना दिसते, त्यामुळे आपण यादीत आहोत हे त्यांना समजतं. बाहेरच्यांना काही दिसत नाही. पण आत असलेली एक मैत्रीण बाहेरच्या एकीला सहज म्हणते, ‘तू बघितलीस ना तिची स्टोरी?’, आणि सगळं बाहेर येतं. यादी वीसच्या आत ठेवली तर हा धोका कमी. ऐंशी जणांच्या क्लोज फ्रेंड्सना क्लोज म्हणण्यात अर्थ नाही.

ब्लॉक शेवटी. ब्लॉक केल्याचं कळवलं जात नाही, पण शोधणाऱ्याला अंदाज येतोच. फेसबुकवर ब्लॉक केलं की मैत्रीही तुटते. नंतर अनब्लॉक केलं तरी ती परत जुळत नाही, नवी रिक्वेस्ट पाठवावी लागते. शिवाय अनब्लॉक केलेल्याला पुन्हा ब्लॉक करायचं तर ४८ तास थांबावं लागतं. रात्री बाराला चिडून ब्लॉक, सकाळी सातला पश्चात्तापाने अनब्लॉक आणि दुपारी पुन्हा ब्लॉक, ही चैन तिथे नाही. इन्स्टाग्रामवर ब्लॉक करताना त्या व्यक्तीची इतर आणि पुढे काढली जाणारी खातीही ब्लॉक करायचा पर्याय येतो. त्रास देणारा चिवट असेल तर तोच निवडा.

टॅग आणि जुन्या पोस्ट

‘मी सगळं फक्त मित्रांसाठी ठेवतो’ म्हणणाऱ्यांची गफलत टॅगमध्ये होते. फेसबुकवर तुम्ही ‘फ्रेंड्स’साठी फोटो टाकला आणि त्यात तिघांना टॅग केलं, तर त्या तिघांच्या मित्रांनाही तो दिसू शकतो. प्रत्येकाचे पाचशे मित्र धरले तर तुमचा घरगुती फोटो पंधराशे अनोळखी लोकांपर्यंत पोचायची सोय झाली. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त लागतो. स्वतः टाकताना प्रेक्षक ‘कस्टम’मध्ये जाऊन टॅग केलेल्यांच्या मित्रांची खूण काढा. दुसऱ्याने तुम्हाला टॅग केल्यावर काय व्हावं हे ‘प्रोफाइल अँड टॅगिंग’मध्ये ठरतं. तिथल्या रिव्ह्यूच्या दोन्ही सोयी चालू करा. एकीमुळे दुसऱ्याने टॅग केलेली पोस्ट तुमच्या प्रोफाइलवर येण्याआधी तुम्हाला विचारलं जातं. दुसरीमुळे तुमच्याच पोस्टवर इतरांनी लावलेला टॅग आधी तुमच्याकडे येतो. मात्र पहिल्या रिव्ह्यूने फोटो फक्त तुमच्या प्रोफाइलवर येत नाही. टाकणाऱ्याकडे तो असतोच, आणि त्याच्या मित्रांना दिसतोच. तिथून काढायचा तर त्याच्याशी बोलावंच लागतं.

कमेंटचंही असंच. दुसऱ्याच्या पोस्टवर तुम्ही लिहिलेलं किती लोकांना दिसणार हे त्या पोस्टच्या मालकाच्या हातात. आज ‘फ्रेंड्स’वर असलेली पोस्ट त्याने उद्या पब्लिक केली की तुमची कमेंटही चव्हाट्यावर.

जुन्या पोस्टकडे एकदा बघाच. २०१४ च्या मेपर्यंत फेसबुकवर नव्याने येणाऱ्याची पोस्ट आपसूक पब्लिक असायची, त्यामुळे त्याआधी खातं काढलेल्यांच्या बऱ्याच पोस्ट अजून सर्वांसाठी उघड्या असतात. ‘लिमिट पास्ट पोस्ट्स’ हा पर्याय जुन्या सगळ्या पब्लिक आणि ‘फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स’ पोस्ट एका फटक्यात ‘फ्रेंड्स’वर आणतो. हे एका फटक्यात उलटवता येत नाही, एकेक पोस्ट हाताने बदलावी लागते. एखादा लेख मुद्दाम पब्लिक ठेवला असेल तर त्याचा दुवा आधी लिहून ठेवा. मग स्वतःच्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून ‘व्ह्यू अॅज’ उघडा. अनोळखी माणसाला तुम्ही कसे दिसता ते तिथे दिसतं. मेनूंची नावं आणि जागा ही मंडळी सतत हलवत असतात. पर्याय सापडला नाही तर सेटिंग्जमध्येच शोधचौकट असते, तिथे शब्द टाका.

फोन नंबर आणि व्हॉट्सअॅप

व्हॉट्सअॅपवर मैत्रीची यादी नसते, फोनबुक असतं. आणि फोनबुकात प्लंबर, इस्टेट एजंट, दहा वर्षांपूर्वीचा घरमालक, एकदाच बोलावलेला टॅक्सीवाला हे सगळे असतात. ‘माय कॉन्टॅक्ट्स’ हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण तो या सगळ्यांना तुमचा प्रोफाइल फोटो दाखवतो, आणि त्यांनीही तुमचा नंबर सेव्ह केला असेल तर स्टेटससुद्धा. म्हणून स्टेटससाठी ‘ओन्ली शेअर विथ’ घेऊन नावं निवडा. ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’मध्ये दर नव्या नंबरला वगळायची आठवण ठेवावी लागते, आणि ती कुणालाच राहत नाही. काम संपलेले नंबर फोनबुकातून उडवणं हा आणखी सोपा उपाय.

‘ग्रुप्स’ची सेटिंगही ‘एव्हरीवन’वरून ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. मग अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तीन दिवसांत बाद होतं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला तुमचा नंबर दिसतो, हे विसरून लोक अडीचशे जणांच्या ग्रुपमध्ये निवांत बसलेले असतात. बाहेर पडायचं असेल तर आता सगळ्यांना सूचना जात नाही, फक्त अॅडमिनला जाते. मात्र ‘पास्ट पार्टिसिपंट्स’मध्ये तुमचं नाव ६० दिवस राहतं, तेव्हा कुणी विचारलंच तर ‘चुकून झालं’ म्हणू नका.

आणखी काही गैरसमज. ब्लॉक केलेला माणूस सामाईक ग्रुपमध्ये तुमचे मेसेज वाचू शकतो, तुम्ही त्याचे. निळ्या टिका बंद केल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच. ‘लास्ट सीन’ लपवलं की तुम्हालाही दुसऱ्याचं दिसत नाही. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ला साधारण अडीच दिवसांची मुदत आहे, पण समोरच्याने नोटिफिकेशनमध्ये वाचलेलं त्याच्या डोक्यातून डिलीट होत नाही.

कॉन्टॅक्ट अपलोडचा प्रकार जास्त गंभीर. २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी खात्यांचे फोन नंबर इंटरनेटवर फुकट फिरू लागले. नंबरावरून मित्र शोधून देणाऱ्या सोयीत ढिगाने नंबर टाकून कुणीतरी ते २०१९ मध्ये जुळवून घेतले होते. म्हणून ‘तुमच्या नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतं’ हा पर्याय ‘ओन्ली मी’ ठेवा, आणि प्रत्येक अॅपमधली कॉन्टॅक्ट सिंक बंद करून आधी चढलेले कॉन्टॅक्टही काढून टाका. त्यात तुमच्या मित्रांचे नंबर आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

फोटो

फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते समोरच्यापर्यंत जात नाहीत. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवला तर जातात. पण खरी माहिती फोटोच्या मागच्या भागात असते: दारावरची पाटी, गाडीचा नंबर, मुलाच्या गणवेशावरचा बॅज, बोर्डिंग पासवरचा बारकोड. सहलीचे फोटो परतल्यावर टाका. धावण्या-चालण्याच्या अॅपवर मार्ग शेअर करत असाल तर सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा लपवा, कारण दोन्ही टोकांना तुमचं घर असतं. स्ट्राव्हा या अशाच अॅपने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या व्यायामाचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात लष्करी तळांचे आराखडे उमटल्याचं २०१८ च्या जानेवारीत लक्षात आलं.

दुसऱ्याने टाकलेला फोटो काढायला सांगताना सगळ्यांसमोर कमेंटमध्ये लिहू नका. खासगी मेसेज करा, नेमका फोटो सांगा, कारण एका ओळीत द्या: ‘अगं, कालच्या अल्बममधल्या चौथ्या फोटोत ओवीच्या शाळेचं नाव वाचता येतंय. तेवढा एक काढतेस का? बाकीचे राहू देत.’ ‘तुला कळत नाही का’ने सुरुवात झाली की फोटो राहतो आणि मैत्रीण जाते. नको असलेल्या रिक्वेस्टवर सहकाऱ्याने समोरासमोर विचारलंच, तर ‘फेसबुक मी घरच्यांपुरतंच ठेवलंय हो, लिंक्डइनवर जोडून घेऊ’ हे पुरतं. पण मग ऑफिसमधल्या बाकी कुणालाही घेऊ नका. एकाला घेतलं की हे कारण संपलं.

मित्राचं खातं गेलं तर

‘चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्या फोनवर गेलाय, पाठव ना’ असा मेसेज मित्राच्या नावाने आला, तर तो कोड तुमच्याच व्हॉट्सअॅपचा असतो. दिला की तुमचं खातं गेलं. आधी त्याला साधा फोन लावा. खातं गेलंच असेल तर व्हॉट्सअॅप पुन्हा उघडून स्वतःच्या नंबराने नोंदणी करा. एसएमएसवर आलेला कोड टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या वेळात टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं, पण त्या सात दिवसांत तोही आत नसतो. स्वतःचा पिन आधीच लावलेला असता तर ही वेळ आली नसती, एवढंच.

मैत्री तुटताना

इथे क्रम महत्त्वाचा, आणि बहुतेक जण तो उलटा करतात. ब्लॉक सर्वांत आधी केलं की समोरचा सावध होतो आणि त्याच्याकडे जे उरलंय ते उघडून बसतो. म्हणून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड तिथून बदलता येतात. मग बाकीचे. फेसबुक, इन्स्टाग्राममध्ये ‘व्हेअर यू आर लॉग्ड इन’ बघून अनोळखी किंवा जुने फोन बाहेर काढा. व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये त्याचा लॅपटॉप राहिलाय का पाहा. लोकेशन शेअरिंग तपासा: व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांनी आपोआप थांबतं, गूगल मॅप्सवरचं मात्र ‘बंद करेपर्यंत’ असं दिलेलं असू शकतं आणि वर्षानुवर्षं चालू राहतं. सामाईक फोटो अल्बम, एकत्र वापरलेलं ओटीटी खातं, घरचा वायफाय पासवर्ड. त्रास किंवा धमक्या असतील तर मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट घेऊन, तुमच्याशिवाय कुणाला उघडता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा, कारण ब्लॉक केल्यावर काही संभाषणं पुन्हा शोधणं अवघड होतं. हे सगळं आटोपायला तासभर लागतो. ब्लॉकचं बटण त्यानंतर.